डिफेंडरचं कूळ आणि मूळ

नवा संगणक घेतला की दुकानदार हमखास विचारतो, ‘अँटीव्हायरस टाकून देऊ ना?’ विंडोजमध्ये डिफेंडर आयता मिळत असताना वर पैसे का मोजायचे? या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी डिफेंडरचं कूळ पाहायला हवं, कारण तो मुळात घरचा नाहीच.

१९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंचा ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात देशोदेशी पोचला आणि बंदोबस्त करणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे तो पुण्यात, एका दुरुस्तीच्या दुकानात रुजला. रहिमतपूरचे कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, मग संगणक. दुरुस्तीला येणारी यंत्रं व्हायरसनं पछाडलेली असत. मॉडर्न कॉलेजात शिकणारे धाकटे बंधू संजय त्यांवर उतारा म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. त्यातूनच ‘क्विक हील’ जन्माला आलं.

मायक्रोसॉफ्टनं १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ सोबत पहिल्यांदा अँटीव्हायरस दिला. तोही सेंट्रल पॉइंट या कंपनीकडून घेतलेला. त्याची कार्यपद्धती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. प्रत्येक डिरेक्टरीत तो ‘सीएचकेलिस्ट डॉट एमएस’ नावाची फाइल ठेवायचा आणि तिथल्या प्रोग्रॅमची मापं तीत नोंदवायचा. पुढच्या तपासणीत माप जुळलं नाही, की काहीतरी घुसल्याचं कळे. व्हायरस लिहिणाऱ्यांनी सोपी वाट काढली: आधी ती फाइलच पुसायची. फाइल सापडली नाही, की हा अँटीव्हायरस निमूटपणे नवी तयार करी, आणि बिघडलेलं मापच खरं म्हणून नोंदलं जाई. मेमरीत पहारा देणारा त्याचा भाग, ‘व्हीसेफ’, दोन-तीन सूचनांत बंद पाडता येत असे. घरोघरी एकच कुलूप असलं की चोर आधी त्याचीच किल्ली बनवतो. बाहेरच्या अँटीव्हायरसच्या बाजूनं आजवर झालेला सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच आहे, आणि तो अजूनही खोटा ठरलेला नाही.

विंडोज ९५ मध्ये अँटीव्हायरस नव्हता. पुढे इंटरनेट घरात आलं आणि अख्खं मैदान नॉर्टन, मॅकॅफी यांच्या हाती राहिलं. मायक्रोसॉफ्ट परतली ती पुन्हा खरेदी करूनच. २००३ मध्ये तिनं रुमानियातल्या जीकॅड कंपनीचं अँटीव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतलं, तर २००४ च्या अखेरीस अमेरिकेतली जायंट ही अँटीस्पायवेअर कंपनी. जायंटच्या प्रोग्रॅमलाच पुढे विंडोज डिफेंडर हे नाव मिळालं. व्हिस्टामधला डिफेंडर मात्र फक्त स्पायवेअर पकडायचा. दरम्यान ‘वनकेअर’ नावाची पैसे देऊन घ्यायची सेवा आली आणि गेली. २००९ मध्ये फुकटचं ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ आलं. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर पुरा अँटीव्हायरस झाला.

तेव्हा तो कच्चाच होता. त्याच वर्षाअखेर जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट प्रयोगशाळेनं त्याच्याच जातकुळीच्या सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारलं. २०१९ मध्ये त्याच प्रयोगशाळेत डिफेंडरनं १८ पैकी १८ गुण मिळवले. मला वाटतं, या सुधारणेचं बरंचसं श्रेय बाहेरच्या कंपन्यांना द्यायला हवं. चाचण्यांत शेजारी त्या उभ्या नसत्या, तर डिफेंडर एवढा घासला गेला नसता.

आजची रीत अशी, की बाहेरचा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. बाहेरचा काढून टाकला की डिफेंडर परत कामाला लागतो. दोघांनी एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला घेतली, तर संगणक रखडतो, म्हणून ही व्यवस्था. नव्या लॅपटॉपवर काही दिवसांचा चाचणी-अँटीव्हायरस भरून येतो, तेव्हाही हेच घडलेलं असतं. मुदत संपल्यावर तो एकतर विकत घ्यावा, नाहीतर रीतसर अनइन्स्टॉल करावा.

बाहेरचा घ्यावा तो ठरावीक गरजेसाठी: मुलांच्या वापरावर सविस्तर लक्ष ठेवायचं असेल, किंवा घरातले सगळे फोन-संगणक एकाच सेवेखाली आणायचे असतील तर. एरवी अपडेट सुरू असलेल्या विंडोज ११ वर डिफेंडर पुरतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तिथे आधी विंडोजचं बघा, अँटीव्हायरसचं नंतर. आणि वाचलेल्या पैशांत एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढून ठेवा.