साखळी, नगरखंड आणि मैल : अमेरिकन शहरांतील अंतरमापनाचा एक धागा

मराठीत ‘ब्लॉक’ म्हटले की स्वतंत्र सदनिका डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र चार रस्त्यांनी वेढलेल्या भूभागाला हा शब्द लावतात आणि अंतरही त्यातच सांगतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘नगरखंड’ हा शब्द योजिला आहे. एखाद्या जुन्या पत्रात किंवा साक्षीत ‘घर आठ खंड दूर होते’ असा उल्लेख आढळल्यास ते अंतर किती मानावे, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही. त्याचे उत्तर त्या त्या शहराच्या भूमापनात शोधावे लागते.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटासाठी १८११ मध्ये आयुक्तांनी आराखडा सादर केला. त्यात दोन आडव्या रस्त्यांमधील खंड सुमारे २०० फुटांचा व सामान्य रस्ता ६० फुटांचा होता. काही रस्ते १०० फूट रुंद असल्याने सरासरी वाढते आणि उत्तर-दक्षिण दिशेने साधारण वीस खंडांचा एक मैल होतो. पूर्व-पश्चिम दिशेने मात्र हा हिशेब कोलमडतो. तिसऱ्या ते सहाव्या अ‍ॅव्हेन्यूंदरम्यान खंडाची लांबी ९२० फूट, तर दुसऱ्या व तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूंमध्ये अवघी ६१० फूट ठरविली होती. पुढे लेक्सिंग्टन व मॅडिसन हे मार्ग मध्ये घातले गेल्याने काही लांब खंड दुभंगले. म्हणजे ‘आठ खंड’ उत्तरेकडे चालल्यास अर्ध्या मैलाहून कमी, तर पश्चिमेकडे प्रसंगी मैलाहून अधिक.

पश्चिमेकडील शहरांत निराळे तत्त्व दिसते. एडमंड गंटर याने १६२० मध्ये प्रचारात आणलेली साखळी ६६ फुटांची. ८० साखळ्यांचा मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एकर. (आपल्याकडील मुंबई इलाख्याच्या मोजणीतील सोळा आण्यांची साखळी ३३ फुटांची, म्हणजे हिच्या निम्मी, तिचा वर्ग म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर.) १७८५ च्या भूमी अध्यादेशाने अमेरिकेतील सार्वजनिक जमीन एक चौरस मैलाच्या तुकड्यांत विभागण्याची पद्धत घालून दिली. शिकागोचे रस्ते बव्हंशी याच मैलरेषांत बसविले गेले. तेथे एका रस्त्याच्या मध्यापासून पुढच्या रस्त्याच्या मध्यापर्यंत १० साखळ्या, म्हणजे ६६० फूट भरतात. आठ खंडांचा मैल बरोबर जुळतो.

सॉल्ट लेक सिटीच्या १८४७ च्या आखणीतही ६६० हाच आकडा येतो आणि येथेच वाचकाची फसगत होते. तेथे ही लांबी केवळ खंडाची आहे. १३२ फुटांचा रस्ता तिच्याबाहेर राहतो. रस्ता धरता एक खंड ७९२ फुटांचा होतो आणि आठ खंडांचे अंतर सव्वा मैलाच्या जवळ जाते. आकडा तोच, साखळी तीच. फरक फक्त रस्ता मोजण्यात धरला की नाही एवढाच. दुय्यम साधनांतून लांबी उचलताना ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते.

शिकागोने १९०९ मध्ये घरक्रमांक नव्याने दिले, तेव्हा प्रत्येक खंडास शंभर व मैलास आठशे क्रमांक मिळाले. पत्त्यांची वजाबाकी करून अंतर काढता यावे, अशी ही सोय होती. तीतही अपवाद राहिलाच. मॅडिसन स्ट्रीटच्या दक्षिणेस पहिल्या तीन मैलांत अनुक्रमे बाराशे, हजार व नऊशे क्रमांक पडतात, कारण तेथील रस्त्यांना आधीच अंकवाचक नावे होती आणि नवे क्रमांक त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. १२ व्या, २२ व्या व ३१ व्या रस्त्यांवर एकेक मैल संपतो. ३१ व्या रस्त्यापुढे आठाचा हिशेब सुरू होतो.