वर येण्याचा इतिहास

कवितेच्या 'तळाशी जाणे', कादंबरीत 'खोल बुडी मारणे' ही मराठी समीक्षेची लाडकी क्रियापदे. वर्गात आम्हीही ती सढळपणे वापरतो. बुडी मारणाऱ्याला परत वर यावे लागते, याचा विचार मात्र या भाषेत क्वचितच आढळतो. पाटण तालुक्यात हा प्रश्न केवळ रूपकापुरता उरत नाही. कोयनेच्या 103 मीटर उंचीच्या धरणामागे शिवसागर पसरलेला आहे आणि त्याच्या पाण्याखाली नांदती गावे गेली आहेत.

पाणबुड्यांच्या विद्येचा इतिहास हा बव्हंशी वर येण्याचाच इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी पुलाचे पाये खणणारे मजूर दाबाखालील हवेत काम करीत. खाली असताना त्यांना फारसे काही होत नसे. बाहेर आल्यावर सांधे आखडत, पाय लुळे पडत, काही दगावत. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग 1872 मध्ये याच विकाराने खचले. 1878 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी त्याचे कारण दाखवून दिले. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब एकाएकी उतरला की, सोड्याच्या बाटलीतल्यासारखा बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो.

मग वर यावे तरी कसे? जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून याचे गणित मांडले. दाब निम्म्यावर येईपर्यंत शरीर सोसते. तिथे थांबावे, जादा नायट्रोजन श्वासावाटे जाऊ द्यावा आणि मगच पुढचा टप्पा घ्यावा, हे त्यांच्या 1908 च्या कोष्टकांचे सार. 1906 मधील समुद्रावरच्या चाचण्यांच्या वेळी त्यांचा 13 वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली उतरला होता. हाच पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून गाजला, 1957 मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला निवर्तला.

आजचे तांत्रिक स्कूबा याच कोष्टकांचे वंशज. पाठीवर दोन जोडटाक्या आणि श्वासाची दोन स्वतंत्र यंत्रे असतात. एक बिघडले तर दुसरे हाताशी असावे म्हणून. पाण्यातल्या गुहांत शिरणाऱ्यांचा नियम तर असा, की एक तृतीयांश हवा जाताना वापरावी, एक तृतीयांश परतताना, उरलेली संकटासाठी राखावी. शिकाऊ माणसाला सर्वांत कठीण जाते ते ठरल्या खोलीवर निश्चल थांबणे. डोक्यावर उजेड दिसत असतो, पण घड्याळ अनुज्ञा देत नाही.

उंचीवरच्या जलाशयात हे थांबे आणखी लांबतात. शिवसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर. तिथे हवेचा दाबच कमी, म्हणून समुद्रात 10 मीटरवर दुप्पट होणारा दाब येथे साडेनऊ मीटरच्या आसपासच दुप्पट होतो. समुद्रासाठी आखलेले कोष्टक येथे जसेच्या तसे चालणार नाही. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी डोंगरी सरोवरांसाठी निराळी कोष्टके तयार केली ती याच कारणाने.

हे सारे साहित्याच्या अभ्यासकांना सांगण्याचे कारण एकच. धरणग्रस्तांच्या आठवणी टिपायला आपण विद्यार्थ्यांना पाठवतो. म्हातारी माणसे बुडालेले देऊळ, खळे, पाणवठा आठवत आठवत खोल जातात. विद्यार्थ्याची वही भरते, तो आभार मानून उठतो. त्या आठवणीच्या तळाशी उतरवलेले माणूस वर कसे आले, की आलेच नाही, हे पाहायला कोणी थांबत नाही. प्रकल्पाला गुण देताना आम्हीही ते विचारलेले नाही. पुनर्वसनात गेलेली पुढची वर्षे, नव्या मुलखातले परकेपण, मुलांची बदललेली बोली हे त्या माणसाचे वाटेवरचे थांबे होते. आमच्या प्रश्नावलीत त्यांना जागाच नव्हती. यंदा ती नव्याने करताना पहिली दुरुस्ती हीच असेल: गाव बुडाल्यानंतरचे प्रश्न आधीच्या प्रश्नांहून अधिक, आणि भेटी एकीऐवजी तीन.