रंगमंचावरील वेश आणि समाजातील पेहराव : बालगंधर्वयुगाच्या संदर्भात एक विचार

रंगभूमी समाजाचे प्रतिबिंब असते, असे विधान नाट्यविषयक लेखनात वारंवार आढळते. वेशभूषेच्या बाबतीत मात्र हा संबंध अनेकदा उलट दिशेने घडलेला दिसतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत रंगमंचावरील वस्त्रे पाहून प्रेक्षकांनी आपला पेहराव बदलल्याची उदाहरणे युरोपात आहेत, तशीच ती महाराष्ट्रातही आहेत. प्रस्तुत लेखात या दोहोंची तुलना करून बालगंधर्वांच्या वेशभूषेचा मराठी स्त्रीच्या पेहरावाशी असलेला संबंध तपासला आहे.

युरोपातील उदाहरण सुपरिचित आहे. सर्ज दियागिलेव्ह यांच्या रशियन बॅले मंडळीने 1909 मध्ये पॅरिसमध्ये पहिला मोसम केला. पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, 'शेहेरजाद' ही नृत्यनाटिका रंगमंचावर आली. लिऑन बाक्स्ट यांनी तिच्यासाठी योजलेले भडक निळे, नारिंगी व हिरवे रंग, सैल विजारी आणि मोत्यांच्या माळा यांनी पॅरिसच्या उच्चभ्रू समाजाला भुरळ घातली. पौर्वात्य धाटणीचे कपडे, पिसांचे तुरे लावलेले फेटे आणि सैल झगे यांची लाट आली. वस्त्ररचनाकार पॉल प्वारे हे या लाटेचे अग्रणी मानले जातात; आपण बाक्स्टचे ऋणी आहोत हे मात्र त्यांनी कधीच मान्य केले नाही. 1912 च्या 'निळा देव' या नृत्यनाटिकेचा विषय तर हिंदुस्थानचाच होता. अर्थात तो हिंदुस्थान पॅरिसच्या कल्पनेतला होता. महायुद्धानंतर जॅझ संगीताच्या काळात वारे फिरले. 1924 मध्ये 'ल त्रँ ब्ल्यू' या नृत्यनाटिकेसाठी कोको शनेल यांनी पोहण्याचे आणि टेनिस खेळण्याचे साधे विणलेले कपडेच नर्तकांना दिले. आता समुद्रकिनाऱ्यावरची फॅशन रंगमंचावर चढली होती.

याच वर्षांत महाराष्ट्रात संगीत नाटकाचा सुवर्णकाळ चालू होता. नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व (1888–1967) हे 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. 1911 मध्ये कृ. प्र. खाडिलकर यांच्या 'मानापमान'मधील भामिनीच्या भूमिकेने त्यांची कीर्ती सर्वदूर पोहोचली आणि 1913 मध्ये त्यांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. 'स्वयंवर'मधील रुक्मिणी (1916) आणि राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'मधील सिंधू (1919) या त्यांच्या पुढील गाजलेल्या भूमिका होत.

त्यांच्या लुगडे नेसण्याची, पदर घेण्याची, केशरचनेची, वेणी माळण्याची आणि दागिने घालण्याची पद्धत तत्कालीन मध्यमवर्गीय स्त्रियांनी उचलली, असे अनेक समकालीनांनी नोंदवून ठेवले आहे. ही नोंद आता इतक्या वेळा उद्धृत होते, की तिच्यातील आश्चर्याकडे लक्षच जात नाही. ज्या काळात प्रतिष्ठित नाटक मंडळ्यांतून स्त्रियांना स्थान नव्हते, त्या काळात कुलीन स्त्रीने कसे दिसावे, याचा वस्तुपाठ एक पुरुष देत होता आणि प्रेक्षागृहातील स्त्रिया तो घेत होत्या.

याचे कारण केवळ बालगंधर्वांच्या रूपात शोधणे अपुरे ठरते. बाक्स्टचा वेश अंगावर घालायचा तर आधी तो शिवणाऱ्याकडून बेतून घ्यावा लागे. म्हणजे शिवणगृह, पैसा आणि प्रसंग ही तिन्ही हवीत. नऊवारी लुगडे मुळातच न शिवलेले वस्त्र. ते प्रत्येक घरात होतेच. निऱ्या किती घ्याव्यात, काष्टा कसा खोचावा, पदर किती लांब सोडावा, एवढाच प्रश्न होता. रंगमंचावरून जे उचलायचे, ते वस्त्र नव्हते. ते नेसण्याचे कसब होते, आणि कसबाला किंमत पडत नाही. पैठणी वा भरजरी शालू ज्यांना परवडत नसे, त्यांनाही पदराची धाटणी घेता येत होती. चोळीऐवजी पोलके रूढ होण्याचा काळही हाच होता. पेहराव बदलण्याची मानसिक तयारी समाजात आधीपासूनच होती, हे येथे विसरून चालणार नाही. राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांनी नऊवारीतील पौराणिक नायिका घराघरांत आधीच पोहोचविल्या होत्या.

नाटकांच्या संहिताही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. 'मानापमान'मधील श्रीमंत भामिनी गरीब वनमालेच्या वेशात धैर्यधराला भेटते आणि वस्त्रांनी माणसाची किंमत ठरवावी काय, हा प्रश्न कथानकाच्या केंद्रस्थानी येतो. 'एकच प्याला'मधील सिंधू तर वैभवातून दळण दळण्यापर्यंत खाली येते. म्हणजे लेखक साधेपणाचा गौरव करीत होते आणि प्रेक्षक मात्र भामिनीचा शालू घरी घेऊन जात होते! मंडळीचा वेशभूषा व नेपथ्य यांवरील खर्चही असाच वाढत गेला. 1920 च्या 'द्रौपदी'ची भव्यता गाजली, पण मंडळी कर्जात बुडाली. ज्या झगमगाटाने फॅशन घडविली, त्याचा भार नाटकालाच सोसावा लागला.

'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यास झाला. त्याच बडोद्याच्या राजघराण्यातील इंदिराराजे (1892–1968) विवाहानंतर कुचबिहारला गेल्या आणि फ्रान्सहून आणविलेल्या शिफॉनच्या साड्यांची आवड त्यांनी हिंदुस्थानी संस्थानिकांच्या वर्तुळात रुजविली. हलकी, अंगासरशी पडणारी ही साडी नऊवारीपेक्षा सर्वस्वी निराळ्या जगातली होती. मराठी शहरांतही पुढे पाचवारी रुळत गेली. बालगंधर्वांनी घडविलेली नायिका लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच तिचे वस्त्र जुने होऊ लागले होते, हे या काळाचे वैशिष्ट्य होय.

दशकाच्या अखेरीस हिराबाई बडोदेकर रंगमंचावर आल्या. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मधून ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या सुशिक्षित स्त्रिया स्त्रीभूमिका करू लागल्या. स्त्रीनेच स्त्रीचा वेश केल्यावर वेशाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे अपरिहार्य होते. 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात बालगंधर्व स्वतः पुरुषवेशात, पैठणच्या संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. पण ज्या प्रेक्षकांनी त्यांना रुक्मिणीच्या रूपात पाहिले होते, त्यांना ते रुचले नाही.

साधनांच्या बाबतीत या दोन परंपरांत मोठी तफावत आहे. दियागिलेव्ह यांच्या मंडळीची प्रत्यक्ष वस्त्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहेत. त्यांवरील रंग, टाके, घामाचे डागसुद्धा अभ्यासता येतात. बालगंधर्वांच्या वेशभूषेसाठी अभ्यासकाला प्रामुख्याने आठवणीपर लेखन आणि कृष्णधवल छायाचित्रे यांवरच विसंबावे लागते. त्या छायाचित्रांत पदराची चुणी न् चुणी स्पष्ट दिसते. लुगड्याचा रंग मात्र दिसत नाही.