कलाकला : एका चंदेरी फेरीबोटीचा सेवाकाळ

६ मे १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या धक्क्याला आग लागली आणि तेथे उभी असलेली ‘पेराल्टा’ ही प्रवासी बोट जळाली. तिचे नाव आधीच बदनाम होते. १९२८ मध्ये बोटीची पुढची बाजू खाली झुकून डेकवर पाणी चढले व पाच प्रवासी बुडाले होते. आगीतून मुख्यतः पोलादी सांगाडा वाचला. ‘ब्लॅक बॉल लाइन’ या कंपनीचा प्रमुख अलेक्झांडर पीबडी याने तो विकत घेतला आणि उत्तरेला सिएटलजवळच्या गोदीत आणवला.

३ जुलै १९३५ रोजी त्याच सांगाड्यावर उभारलेली ‘कलाकला’ प्रवाशांच्या सेवेत आली. चिनूक या व्यापारी बोलीत या शब्दाचा अर्थ ‘पक्षी’. मराठी कानाला तो ओळखीचा वाटला, तरी आपल्या ‘कले’शी त्याचे काही नाते नाही! विमानासारखा गुळगुळीत, गोलाकार बांधा, चंदेरी रंग, २७६ फूट लांबी. पोटात सुमारे शंभर मोटारी आणि वर २,००० प्रवासी मावत. मंदीने खचलेल्या अमेरिकेला तिच्यात उद्याचे जग दिसले.

सिएटल ते ब्रेमर्टन हा तिचा मुख्य मार्ग. ब्रेमर्टनला नौदलाची मोठी गोदी होती, म्हणून तेथील कामगारांसाठी बोटीवर न्हाणीघरेही होती. दुसऱ्या महायुद्धात हीच माणसे तिचे खरे प्रवासी. छायाचित्रांत मात्र रात्रीच्या सहली आणि वाद्यवृंदच अधिक दिसतात. १९४६ मध्ये तिच्यावर रडार बसले. व्यावसायिक जहाजांवरील अगदी पहिल्या रडारांपैकी ते एक होते.

पण जे रूप तिला कीर्ती देत होते, तेच तिच्या कामाच्या आड येई. कप्तानाच्या कक्षातून बोटीचे टोक नीट दिसत नसे, त्यामुळे धक्क्याला टकरा होत. इंजिनाची थरथर एवढी, की कॉफीचा पेला अर्धाच भरावा लागे, असे सांगितले जाई. निमुळत्या तोंडातून मोटारी आत घेणे जिकिरीचे होते. १९५० नंतर मोटारी रुंद होत गेल्या, तशी त्यांची आत मावणारी संख्या घटली. फेरीबोटीच्या दृष्टीने हा दोष कंपनांपेक्षा गंभीर होता.

१९५१ मध्ये वॉशिंग्टन राज्याने ही सेवा ताब्यात घेतली. १९६२ च्या सिएटल जागतिक प्रदर्शनात पाहुण्यांनी तिच्यावर गर्दी केली. तरीही १९६७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढे अलास्कात खेकडे व कोळंबी प्रक्रियेचा कारखाना म्हणून ती वापरली गेली आणि कोडिॲक बेटाच्या किनाऱ्यावर रुतून राहिली.

शिल्पकार पीटर बेविस याने अनेक वर्षे खटपट करून १९९८ मध्ये तिला सिएटलला परत आणले. स्वागताला गर्दी झाली, दुरुस्तीला पैसा मात्र उभा राहिला नाही. मालक बदलले, धक्के बदलले. अखेर २०१५ च्या आरंभी टॅकोमा येथे ती तोडण्यात आली. काही तुकडे कर्कलंड शहराने विकत घेतले. ‘कलाकला’ ज्या गोदीत घडली, ती याच परिसरात होती.