रोजकीर्द आणि ताळेबंद : नेहा नारखेडे

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगणक हा काही आमचा प्रांत नव्हे. तरीही आज नेहा नारखेडे यांच्यावर बोलायचं ठरवलं, त्याला कारण आहे. मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं विचारलं, "सर, कंपनी तर तिघांनी काढली. मग ते यश तिचं कसं म्हणायचं?" तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करू.

आधी हकीगत. नारखेडे मूळच्या पुण्याच्या. पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीमधून त्या अभियंता झाल्या, पुढे अमेरिकेत जॉर्जिया टेकमधून पदव्युत्तर पदवी घेतली. काही काळ ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि मग लिंक्डइनमध्ये आल्या.

तिथं एक अडचण होती. कुणी कुणाची माहिती पाहिली, काय शोधलं, कुठं क्लिक केलं, अशा नोंदी अखंड तयार होत होत्या आणि त्या अनेक विभागांना हव्या होत्या. समजा, नोंदी देणारे १० आणि घेणारे १०. प्रत्येकाला प्रत्येकाशी वेगळं जोडायचं तर १०० जोडण्या लागतात. मध्ये एकच सामाईक वही ठेवली, तर २० जोडण्यांत भागतं. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव या तिघांनी ही वही बांधली. तिचं नाव काफ्का. लिहिण्याच्या कामाला सोयीची प्रणाली, म्हणून क्रेप्स यांनी तिला आपल्या आवडत्या लेखकाचं नाव दिलं.

ही वही कशी चालते ते समजायला अमेरिकेला जायला नको. इथून, गिरगावातून, काळबादेवी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या पेढीवर जुने मुनीम रोजकीर्द लिहीत. जे घडलं ते, घडलं त्या क्रमानं, ओळीखाली ओळ. चूक झाली तरी खाडाखोड करायची नाही. खाली उलट नोंद घालायची. या रोजकीर्दीवरून मग खतावणी होते आणि वर्षअखेरीला ताळेबंद. काफ्काचंही असंच आहे. नवी नोंद शेवटी जोडली जाते, आधीची बदलत नाही. वाचणारा आपण कुठवर वाचलं याची खूण स्वतः ठेवतो. एकानं वाचली म्हणून नोंद पुसली जात नाही; ठरवलेल्या मुदतीपर्यंत ती दुसऱ्यासाठीही राहते.

आमच्या विषयात एक जुना वाद आहे : आधी वस्तू की आधी घटना? बौद्ध दार्शनिक म्हणत, आपण जिला वस्तू म्हणतो तो क्षणांचा प्रवाह आहे. या तिघांनी वाद घातला नाही. घटना मुख्य धरून यंत्रणा उभी केली, एवढं मात्र खरं.

पुढचा भाग उद्योजकतेचा. २०११ मध्ये काफ्का मुक्त स्रोत म्हणून जगासाठी खुली झाली. कुणीही फुकट घ्यावी, वापरावी, सुधारावी. आता जी वस्तू फुकट वाटली, तिच्यावर धंदा कसा करायचा? पण मोठ्या संस्थांना नुसती वस्तू पुरत नाही. रात्री दोन वाजता बंद पडली तर जबाबदारी घेणारं कुणीतरी लागतं. ती गरज ओळखून २०१४ मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. नारखेडे तिथं मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होत्या. २०१७ मध्ये काफ्कावरचा ग्रंथ आला, त्याच्या तीन लेखकांत त्या एक. पुढे दैनंदिन कारभारातून त्या बाजूला झाल्या, पण संचालक मंडळावर राहिल्या. जून २०२१ मध्ये कंपनीचे शेअर नॅस्डॅकवर आले. त्याच वर्षी त्यांनी ऑसिलर ही दुसरी कंपनी काढली. ऑनलाइन व्यवहारांतली फसवणूक ओळखणं हे तिचं काम.

वर्तमानपत्रं श्रीमंतांच्या याद्या छापतात. तो ताळेबंद झाला, आणि त्यावरून दिवस कसे गेले ते कळत नाही. आमच्या मते आयुष्य रोजकीर्दीसारखं वाचावं.

आता त्या मुलीचा प्रश्न. २०११ च्या मूळ शोधनिबंधावर तीन नावं आहेत आणि त्यांत नारखेडे यांचं नाव आहे. तिघांचं श्रेय म्हणजे तिचं एक तृतीयांश, असा हिशोब इथं लागत नाही; काम वाटून घेतलं म्हणून कुणाचं कमी होत नाही. नुकसान होतं ते नोंदच नसली की. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत सभा स्थापली आणि लवकरच मुलींच्या शाळा काढल्या. त्यांत दादाभाई नौरोजी होते. शिकवणाऱ्यांची नावं इतिहासात ठळक आली. शाळेत आलेल्या मुलींची तशी आली नाहीत. घरचा विरोध सोसून उंबरठा ओलांडला तो त्यांनी. बायकांच्या कामाचं आपल्याकडे बहुधा असंच झालेलं आहे. काम होतं, पण वहीत ओळ नसते.

म्हणून त्या मुलीला आमचं सांगणं साधं आहे. बाई गं, तिघांनी मिळून काम केलंत तर तिघांची नावं घाला. इतरांची विसरू नकोस आणि स्वतःचं संकोचानं गाळू नकोस. नोंद त्या दिवशीच घालायची. मागाहून आठवून लिहिलेली रोजकीर्द मुनीमजी कधी मान्य करीत नसत.

आम्ही थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा.