पैनगंगेच्या दोन काठांवरची टाइमटेबलं

कॉलेज सुरू झालं की पहिल्या आठवड्यात सगळीकडे एकच उद्योग चालतो. तुझं टाइमटेबल दाखव, माझं बघ. तुला शनिवारी सुट्टी? आम्हाला सकाळी साडेसातला प्रॅक्टिकल! तुमच्याकडे हा विषय नाहीच? मग तुमची मजा आहे राव. पूर्वी हे कट्ट्यावर वहीच्या मागच्या पानावरून चालायचं, आता व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून चालतं. तक्रारीचा सूर मात्र तोच.

आपण टाइमटेबल म्हणजे प्राचार्यांच्या केबिनबाहेर चिकटवलेला एक कागद समजतो. पण कोणत्या भाषेत शिकायचं, सुट्टी कोणत्या वारी, परीक्षा कोणत्या गावात, हे सगळं त्या कागदाच्या बरंच आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. लिहिणारा केव्हाच निघून गेलेला, आणि सिस्टिम अजून त्याच्याच कंडिशन्सवर चाललेली. याचं एक झकास उदाहरण हिंगोली जिल्ह्यात आहे.

हिंगोलीच्या उत्तरेला बऱ्याच अंतरापर्यंत पैनगंगा ही हद्द आहे. अलीकडे कळमनुरी, पलीकडे पुसद आणि वाशीमचा मुलूख. भाषा मराठी, पीकपाणी सारखं, सोयरिकी दोन्ही बाजूंनी. तरी कित्येक पिढ्या या दोन काठांवरच्या मुलांची टाइमटेबलं एकमेकांशी जुळली नाहीत. का? तर एका लष्करी बिलामुळे.

झालं असं, की निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. तिची एक छावणी हिंगोलीत होती. खर्च थकत गेला, आणि १८५३ च्या तहात त्या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. पुढे १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. गंमत बघा, फौज राहिली हिंगोलीत, आणि तिचं बिल भागवायला गेला नदीपलीकडचा मुलूख.

आता १९३५ च्या सुमारास दोन्ही काठांवर कॉलेजात जाणारा एकेक मुलगा आहे असं समजा. दोघे दिवाळीत एखाद्या लग्नाच्या बोलणीला भेटले आणि टाइमटेबलं ताडून बघायला बसले, तर काय होईल?

पलीकडच्याचं सोपं आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये निघालं, अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेजही त्याच वर्षीचं. शिकवणं इंग्रजीत, सुट्टी रविवारी, महिना ऑक्टोबर.

अलीकडचा म्हणेल, कुठला ऑक्टोबर? आमच्याकडे आजूर चालू आहे. निजामाच्या कारभारात फसली सन चालायचा आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे. आणि रविवारची सुट्टी? ती आमच्याकडे शुक्रवारी. म्हणजे बघा, दोन दोस्तांना आठवड्यातला एक सामाईक सुट्टीचा दिवससुद्धा मिळत नाही!

ही झाली वरवरची तफावत, खरी तफावत आतल्या तासांत होती. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. इंग्रजी सक्तीची, पण एक भाषा म्हणून. शिवाय मुसलमान विद्यार्थ्यांना धर्मशास्त्राचा आणि इतरांना नीतिशास्त्राचा तास. यात एक गोष्ट मान्यच करायला हवी. देशातली बाकीची विद्यापीठं इंग्रजीत शिकवत होती, तेव्हा एका भारतीय भाषेत पदवीपर्यंत शिक्षण द्यायचं धाडस उस्मानियाने केलं. त्यासाठी १९१७ मध्ये स्वतंत्र भाषांतर विभाग काढून शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणली. कल्पना म्हणून भन्नाटच. अडचण एवढीच, की ती भाषा राज्यातल्या बहुसंख्य लोकांची नव्हती. त्यांच्या घरी मराठी, तेलुगू नाहीतर कन्नड. हिंगोलीच्या मुलाला इंग्रजीऐवजी आपली भाषा मिळाली नाही, इंग्रजीऐवजी दुसरी एक परकी भाषा मिळाली.

आणि कॉलेज तरी कुठे होतं? अख्ख्या मराठवाड्यात एक, औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज. पदवी हवी तर हैदराबाद गाठा. रेल्वे हिंगोलीहून पूर्णेला आणि तिथून नांदेडवरून हैदराबादला जायची. हिंगोलीच्या पुढे मात्र रूळच नव्हते. अकोल्याकडे गाडी जायला स्वातंत्र्य यावं लागलं. म्हणजे रेल्वेचं टाइमटेबलसुद्धा मुलाला दक्षिणेकडेच ढकलत होतं.

मग आलं १९३८. वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानियात विद्यार्थ्यांनी संप केला. शेकडो मुलांची नावं कमी झाली. राज्यात दुसरं विद्यापीठ नव्हतं, म्हणजे नाव कमी झालं की शिक्षणच संपलं. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. या चळवळीतल्या विद्यार्थ्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. कायद्याची पदवी त्यांनी नंतर नागपूर विद्यापीठाचीच घेतली.

पुस्तकांत ही गोष्ट दोन ओळींत संपते. पण त्या मुलांच्या जागी बसून बघा. कालपर्यंत रसायनशास्त्र उर्दूत, आज इंग्रजीत. तिकडच्या संज्ञा पाठ केलेल्या, इकडे त्यांचा उपयोग शून्य. आपण ब्रँच बदलली तरी महिनाभर गांगरतो, यांचं माध्यमच बदललं. तेही वर्षाच्या मध्यात, घरून पैसे येतील की नाही याची खात्री नसताना.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली आणि हैदराबाद भारतात आलं. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. इथे नरहर कुरुंदकरांची आठवण यायलाच हवी. त्यांचं मूळ गाव कुरुंदा, आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात. ते वसमतला शिकले, कॉलेजसाठी त्यांनाही हैदराबादच गाठावं लागलं, आणि परीक्षांशी त्यांचं कधी फारसं जमलं नाही. तरी हाच माणूस पुढे पीपल्स कॉलेजात मराठीचा प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाला. त्यांच्या पिढीला कॉलेजसाठी परक्या भाषेच्या शहरात जावं लागलं, आणि त्याच पिढीने पुढच्यांसाठी वर्ग घराजवळ आणले.

विद्यापीठ मात्र टप्प्याटप्प्याने जवळ आलं. आधी हैदराबाद, मग २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ, आणि १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. (मधला नामांतराचा लढा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.) १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिदिन, आणि नाव हैदराबाद मुक्तिलढ्याच्या नेत्याचं. वसमतच्या कॉलेजलाही हुतात्मा बहिर्जी शिंदेंचं नाव आहे. म्हणजे तिथल्या टाइमटेबलवर सगळ्यात वर जो मथळा असतो, तोच मुळात इतिहास.

आणि नदीपलीकडे? तिथली कॉलेजं १९८३ मध्ये नागपूरकडून अमरावती विद्यापीठाकडे गेली. राज्य एक झालं, जिल्हे नवे झाले, हिंगोली स्वतः १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. पण कळमनुरीचा मुलगा नांदेडची परीक्षा देतो आणि पुसदचा अमरावतीची. आजूर गेला, शुक्रवार गेला, उर्दू माध्यम गेलं. १८५३ ची रेघ तेवढी राहिली.

आता नव्या शैक्षणिक धोरणात ही रेघ पुसायची सोय आहे, निदान कागदावर. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट्स, चार वर्षांना १६०, आणि एका क्रेडिटला साधारण १५ तास. क्रेडिट्स अॅकॅडेमिक बँकेत जमा करायची आणि दुसऱ्या विद्यापीठात न्यायची. १९३८ च्या मुलांना हे असतं तर किती बरं झालं असतं! पण निवड करायला आधी वर्गात शिकवणारा माणूस लागतो. मेन्यूकार्डावर वीस पदार्थ आणि किचनमध्ये एकच आचारी, असं असेल तर ऑर्डर काय द्यायची ते आचारीच ठरवतो. पुण्याच्या मोठ्या कॉलेजातला आणि तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा आज टाइमटेबलं ताडून बघतील, तर क्रेडिट्सचा आकडा सारखा निघेल. खालचे विषय बघा, फरक तिथे दिसेल.

असो. तुमच्या घरी जुनी ट्रंक असेल आणि आजोबा मराठवाड्यातले असतील, तर एकदा त्यांची मार्कलिस्ट शोधाच. भाषा कोणती, सन कोणता, विषय कोणते, बघा. आणि आजोबा असतील तर त्यांना विचारा, शुक्रवारच्या सुट्टीत काय करायचात?