कॅम्प दापोली: पलटण गेली, पेन्शनर राहिले

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीला ‘कॅम्प दापोली’ असेही म्हणतात. हा ‘कॅम्प’ म्हणजे इंग्रजांची लष्करी छावणी.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि दक्षिण कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात आले. या मुलखासाठी पलटण कुठे ठेवायची, हा प्रश्न होता. बाणकोटचा किल्ला 1756 पासून इंग्रजांकडे होता, पण पलटणीच्या कवायतीला मोकळे मैदान हवे. दापोलीची जागा सपाट, किनाऱ्यापेक्षा उंच आणि थंड, शिवाय हर्णै बंदर जवळ. म्हणून छावणी इथे आली.

कोकणात लढण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. 1840 मध्ये नियमित फौज हलवली गेली. मागे राहिली ती वयस्क सैनिकांची ‘व्हेटरन बटालियन’. 1857 च्या सुमारास तीही मोडली. छावणीचे आयुष्य जेमतेम चार दशकांचे.

दापोलीचा खरा इतिहास मात्र त्यानंतरचा आहे. मुंबई इलाख्याच्या लष्करात रत्नागिरी जिल्ह्यातून मोठी भरती होई आणि त्यात महार सैनिक बरेच असत. निवृत्तीनंतर त्यांतील अनेक जण दापोलीत स्थायिक झाले. पलटणीत शाळा होत्या, त्यामुळे ही माणसे लिहिती-वाचती होती. गावातल्या शाळेत मात्र त्यांच्या मुलांना इतरांबरोबर बसू देत नसत. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला या पेन्शनरांनी सरकारदरबारी दाद मागितली. सरकारी पैशावर चालणारी शाळा सर्वांना खुली हवी, एवढीच मागणी. कागदावर ती मान्य होणे सोपे होते, वर्गात जागा मिळणे अवघड.

या मंडळींचे पुढारी होते गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक आणि ‘अनार्य दोष परिहार मंडळी’चे संस्थापक. त्याच सुमारास लष्कराने महारांची भरती बंद केली. पगार, पेन्शन आणि शिक्षण, तिन्हींची वाट एकदम अडली. 1894 मध्ये वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी असा अर्ज तयार केला.

त्याच काळात महूहून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह दापोलीला आले. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. धाकटा मुलगा भीमराव तेव्हा अगदी लहान होता. काही काळाने हे कुटुंब साताऱ्याला गेले.